सीटवर उगवलेली कपाशी

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं, आणि ते माझे वडील ओट्यावर बसून चुकवत होते. हे मला फार उशिरा कळलं, कारण त्या काळात माझं डोकं कायम एका जीपच्या बोनेटखाली असायचं.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मी धुळ्यात देवपूरला राहत होतो आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. घर्षण, तरफ, गुरुत्वमध्य हे सगळं फळ्यावर मी इतक्या रुबाबात समजावून सांगत असे की पोरांना वाटावं, हा माणूस घरी रेल्वेचं इंजिन पाळत असेल. प्रत्यक्षात माझ्या सायकलची चेन पडली की बायको बसवून द्यायची.

आमचं गाव बोदवडकडे. घरची शेती मोठे भाऊ बघत, पण मालक आबाच, म्हणजे आमचे वडील. त्या दसऱ्याला आबांच्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, हातही सुधारला, डावा पाय मात्र लुळा पडला. शेत गावापासून दीड मैलावर, मधे गोट्यांनी भरलेला नाला. डॉक्टरांनी सांगितलं, बैलगाडी नको, ट्रॅक्टर नको, पाठीला गचके बसता कामा नयेत. ज्या माणसाने जन्मभर सकाळी आधी शेताचं तोंड पाहिलं आणि मग भाकरीचं, तो माणूस ओट्यावरच्या खुर्चीला जखडला गेला. संध्याकाळी भाऊ शेतातून एक उमललेलं बोंड आणून त्यांच्या हातात देत. आबा कापूस चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघत आणि वाटेवरच्या प्रत्येक बाभळीची चौकशी करत.

दिवाळीला गेलो होतो तेव्हा मला ते पाहवलं नाही. चार माणसांसमोर मी बोलून गेलो, "आबा, पंधरा दिवस थांबा. माझ्या गाडीतून तुम्हाला थेट बांधावर नेतो."

त्या वेळी माझ्याकडे गाडी नव्हती. गाडी चालवताही येत नव्हती.

पण माझ्या नजरेत एक जीप होती. लष्कराच्या लिलावातून सुटलेली, चारही चाकांना ताकद देणारी, धुळ्यातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात चिंचेखाली पडलेली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. जीपसुद्धा गचके देते, किंबहुना बैलगाडीपेक्षा जास्तच देते, हा साधा मुद्दा भौतिकशास्त्राच्या मास्तराला सुचला नाही. सुचला असेल तर मी तो दाबला. मला वडिलांसाठी जीप हवी होती की जीपसाठी वडील, याचं खरं उत्तर आजही मी चारचौघांत देणार नाही.

जीप ओढत आणून अंगणात ठेवली. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर राहत, त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची. नानांनी इंजिन ऐकलं, खालून-वरून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, जीव शे हिनामा. आठ दिन काम करूत, गाडी उभी ऱ्हाई."

इथेच मी थांबलो असतो तर ही गोष्ट झालीच नसती. पण आठ दिवसांत उभी राहणारी गाडी म्हणजे काय गाडी! मला ती "घडवायची" होती. नानांनी ब्रेक करू म्हटलं की मी म्हणे, आधी रंग. एकदा हिरवा दिला, तो मिलिटरीचा वाटला. मग मातकट दिला, तो गाडी धुतली नाही असा वाटला. शेवटी केळीच्या कोवळ्या पानाचा रंग मागितला, तो दुकानदाराला कळला नाही आणि त्याने जो दिला तो पोपटाला लाज आणणारा होता. बंपरवर दोन मोठे दिवे बसवले. डॅशबोर्डला सागाची फळी लावली. टेप लावला. आबांना चढता यावं म्हणून घडीची पायरी केली, ती माणूस चढला की मिटायची.

घरात इंजिनाचे अवयव पसरले. पिस्टन फडताळात, बेअरिंगं पापडाच्या डब्यात. बायकोच्या लग्नातल्या पितळी परातीत मी रॉकेल ओतून गिअर धुतले. त्यानंतर तीन दिवस भाकरीला रॉकेलचा वास येत होता, आणि मी जेवताना तिला वाफेच्या दाबाबद्दल सांगत होतो. तिने ऐकून घेतलं. ती बाई संत नव्हे, पण हिशोब एकदमच करणारी होती.

दर पंधरा दिवसांनी मी गावाला जाई. आबा विचारत, "काय म्हने गाडी?" मी म्हणे, "झालीच." संक्रांत गेली. मग मी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, वायदा केला. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सगळं गाव घरी असतं. मी पोपटी जीपमधून गावात शिरतोय आणि शेजारी आबा, असं चित्र मी मनात इतक्यांदा रंगवलं की गाडी चालू व्हायची राहिलीच. आखाजीही गेली. नाना एकदा वैतागून म्हणाले, "मास्तर, तुम्ही गाडीले आंगडंटोपडं शिवी राह्यनात, पन तिले पाय कव्हय फुटतीन?"

मला राग आला. मी म्हणालो, "नाना, वडिलांच्या पाठीचा प्रश्न आहे."

आणि पाठीवरून मला सीट सुचली. आबांची सीट आपल्या शेतातल्या कापसाची हवी. भाऊंनी घरात राखलेल्या कापसाचं एक पोतं पाठवलं. कापूस सरकीसकट होता. कोणीही शहाणा माणूस तो आधी पिंजाऱ्याकडे नेईल, सरकी काढून रुई भरेल. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि सिद्ध केलं की सरकी आत राहिली तर वजन सारखं विभागलं जातं आणि गादी दबत नाही. कापूसवाल्याच्या घरात जन्मून, कॉलेजात शिकवून, मला एकच गोष्ट आठवली नाही. सरकी म्हणजे बी.

तंबूच्या जाड कापडात तो सगळा कापूस ठासून भरला, सीट जीपला बसवली. वरचं हूड मी नव्या फॅशनचं करायला टाकलं होतं, म्हणून गाडी उघडीच होती. मृगात दोन-तीन पाऊस बरे झाले. मी परीक्षेच्या पेपरांत अडकलो होतो. आठवड्याने अंगणात आलो तर आबांच्या सीटच्या शिवणीतून दोन-दोन पानांची कपाशी वर आली होती. पुढच्या कडेला चांगली ओळीने.

बायको दारात उभी राहून हसली, इतकी की तिला खांबाला धरावं लागलं. नाना आले, वाकून बघितलं, म्हणाले, "पेरा चांगला शे. आते निंदनी करा."

मी घोषणा केली की सीट फाडून नवी करायची, फोमची, त्यासाठी मुंबईहून सामान मागवायचं. बायकोचं हसू थांबलं. "आता आणखी एक सुधारणा केलीत," ती म्हणाली, "तर आबांना मी पाठीवर घेऊन जाईन. आणि जाताना गावभर सांगत जाईन."

नानांना बोलावलं. मी हात लावायचा नाही या अटीवर त्यांनी सहा दिवसांत जीप चालू केली.

पावसाने उघडीप दिली त्या रविवारी आम्ही गावात शिरलो. नाना चालवत होते, कारण मला अजून फक्त पुढे जाता येत होतं. आबांना भाऊंनी आणि मी उचलून बसवलं, पायरी वेळेवर मिटली. आबांनी बसता बसता सीटच्या कडेवरून हात फिरवला, खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय रे?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आबांनी मांडी जरा आत घेतली, रोपं दबू नयेत म्हणून.

नाला ओलांडताना नानांनी गाडी इतकी हळू घेतली की बगळासुद्धा उडाला नाही. बांधावर गाडी थांबली. समोर वीतभर कपाशी, काळ्या रानात ओळीच ओळी. आबा बराच वेळ बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, बहुधा ओळी मोजत होते. मग नेहमीच्या आवाजात भाऊंना म्हणाले, "तिकडे नांगे पडले. दिसत नाही का तुले?" नांगे म्हणजे बी न उगवल्याने ओळीत राहिलेल्या मोकळ्या जागा. भाऊ म्हणाले, बी संपलं. आबांनी सीटकडे बोट दाखवलं.

मी चाकूने शिवण उसवली आणि आबांच्या मांडीखालून एकेक रोप, मुळाशी कापसाचा पुंजका घेऊन, भाऊंनी काठीने केलेल्या भोकांत लावत गेलो. अकरा रोपं. जीपवर आठ महिने केलेल्या कामातलं तेवढं एक उपयोगी पडलं.

परत येऊन मी त्यांच्या पायाशी चिखलात उभा राहिलो. म्हटलं, "आबा, पंधरा दिवस म्हणालो होतो. फार उशीर केला मी."

"त्याले काय होते," आबा म्हणाले. त्यांची नजर अजून शेतावरच होती. "दिवाईच्या दुसऱ्या दिवशीच चौघं आले होते, खाटीवर बसवून आनतो म्हने. मीच नाही म्हटलं. पोरगा गाडी करून राह्यला. आपन खाटीवर जाऊन आलो तं त्याचा हिरमोड होईन."

मी चाकू पुसत बसलो. येताना नानांनी घड्याळ लावून पाहिलं होतं, घरापासून बांधापर्यंत जीपला पंधरा मिनिटं लागली होती. खाट खांद्यावर घेऊन चौघांना फार तर पाऊण तास लागला असता.