लादीच्या पोटातला पांढरा रंग

सावद्याला पुतणीच्या लग्नात, भर मे महिन्यात, मठ्ठ्यासाठी बर्फाची लादी आली. कडेने काचेसारखी आरपार, मध्ये दुधासारखी पांढरी. धुळ्याहून आलेले नवरदेवाचे काका, नाना, तिच्यावर वाकले आणि गरजले, "केळी पिकाडानी पावडर टाकी का यामा? बठ्ठा बर्फ फेकी द्या! आमनं वऱ्हाड मठ्ठाले हात लावणार नही!"

पंगत बसायची होती. माझ्या भावाचा, म्हणजे नवरीच्या बापाचा, चेहरा उतरला. माझ्या अंगात मात्र नाटक संचारलं!

"नाना, चोख वाटेल तो तुकडा तुम्हीच निवडा."

त्यांनी कडेचा स्वच्छ तुकडा दिला. मी तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मुसळाने बडवला आणि पंचा झटक्यात उघडला. पांढराशुभ्र भुगा!

"आता पावडर कोणी टाकली, नाना?"

मग मी सांगितलं, भुग्याच्या कणांमध्ये हवा शिरते, उजेड सरळ पार न जाता चहूकडे उधळतो, म्हणून पांढरं दिसतं. लादी बाहेरून आत गोठते, तेव्हा पाण्यातली हवा बुडबुडे होऊन मधोमध कोंडते. तिथेही तोच खेळ.

नानांनी चिमूटभर भुगा जिभेवर ठेवला. सारं वऱ्हाड त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"मठ्ठा आना," ते म्हणाले, "नि पहिला गिलास माले!"