वाटणीत न सुटलेली लाइन

चुडामणदादाला कुणाचं चांगलं बघवत नाही, असं नाही. गावात कुणाचंही भलं झालं तर तो पेढा मागून खातो. बघवत नाही ते फक्त अमृतचं, आणि अमृत त्याचा सख्खा चुलतभाऊ.

दोघं प्रकाशा गावच्या शाळेत एका बाकावर बसले. अमृत इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. चुडामण टेलिफोनचा लाइनमन झाला आणि उन्हातान्हात खांबांवर चढत राहिला. टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट कसं चालावं, याचे जगभरासाठी नियम ठरवणारी एक समिती आहे. तिच्यावर अमृतची नेमणूक झाली, त्या दिवशी चुडामणला जेवण गेलं नाही. "खांबवर मी चढनू, आन् नियम हाऊ लिखी ऱ्हायना!" तो दगूबाईला, आपल्या बायकोला, म्हणाला.

दोघांच्या बापांची वाटणी झाली तेव्हा घरात भिंत उभी राहिली, बैल वाटले, भांडी वाटली. फोनचा नंबर मात्र कुणी सोडेना. मग चुडामणनेच त्या एका लाइनला फाटा काढून दुसरा फोन आपल्या घरात बसवला. आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले की असंच चालायचं. पुढे मोबाइल आले, चुडामणचा फोन भंगारात गेला, फाटा तसाच भिंतीला लोंबकळत राहिला. असल्या फाट्याने इंटरनेट अडखळतं, हे लाइनमनला काय सांगावं!

यंदा दिवाळीला अमृत घरी आला. समितीची बैठक त्याच दिवसांत होती, आणि तो मुद्दाम घरच्या जुन्या लाइनवरूनच तिला ऑनलाइन बसणार होता.

"फाटा काढी टाक ना," दगूबाई म्हणाली. "भाऊ शे तो तुन्हा, वैरी नही."

"मन्हा घरनी वायर शे. कोनी हात लावानं काम नही."

बैठकीच्या वेळी चुडामण भिंतीला कान लावून बसला. पलीकडे अमृतचं नुसतं "हॅलो, हॅलो" चाललं होतं. इतका खूश चुडामण स्वतःच्या लग्नातही नव्हता.

संध्याकाळी अमृत पेढे घेऊन दारात हजर. "दादा, तुन्हा फाटामुये मन्हं काम व्हयनं!"

समितीतली मंडळी म्हणत होती, असे फाटे आता कोण ठेवतं, नियमात त्यांचा विचार कशाला? आज लाइन अडखळताना त्यांनी पाहिली, मोजणीत फाटाही दिसला. फाटा असला तरी इंटरनेट नीट चाललं पाहिजे, ही अमृतची सूचना सगळ्यांनी मान्य केली.

पेढा चुडामणच्या घशाखाली उतरेना. अमृतची पाठ वळताच त्याने पक्कड आणली आणि फाटा मुळापासून छाटला. राग माणसाला आंधळा करतो म्हणतात ते खोटं नाही. एरवी शिकाऊ लाइनमनलाही पुढचं दिसलं असतं.

सकाळी अमृत अंगणातून ओरडला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "दादा, तू तर लाइनबी सुधारी दिन्ही! काय पळी ऱ्हायनं नेट! देवमाणूस शे तू!"

गल्लीतले चारजण चुडामणचं कौतुक करायला आले. तो डोक्यावरून चादर ओढून पडून राहिला. दगूबाईने चादर ओढली तर हा रडत होता. अमृतचं एकदा तरी वाईट झालं असतं, तर त्याला भाऊ म्हणणं किती सोपं गेलं असतं.