निष्कर्ष ओळखणाऱ्या मंगलबेन

प्रोजेक्ट बाइंडिंगला घेऊन गेलं की मंगलबेन आधी साडीच्या पदराला हात पुसायच्या, कागदांचा गठ्ठा काउंटरवर पालथा ठेवायला लावायच्या आणि म्हणायच्या, "फक्त नाव वाच प्रोजेक्टचं. निष्कर्ष मी सांगते. बरोबर आला तर लोचोची प्लेट तुझ्याकडून, चुकला तर माझ्याकडून."

सुरतेत आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दोन मशीन, एक स्पायरल करायचं यंत्र, आणि त्या तिन्हींच्या मधे जेमतेम बसतील अशा मंगलबेन. मूळच्या धुळ्याकडच्या मंगलाबाई. लग्न होऊन इकडे आल्या आणि सुरतेनं त्यांची मंगलबेन केली. गिऱ्हाइकाशी गुजराती, मशीन दुरुस्त करणाऱ्याशी हिंदी आणि आमच्यासारख्या खान्देशी पोरी दिसल्या की मराठीत मिसळलेली अहिराणी. वर्षानुवर्षं कॉलेजचे सगळे प्रोजेक्ट त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि त्यांनी ते वाचलेही होते. "मशीन चालू असताना दुसरं करायचं काय? भिंतीकडे बघत बसू?" असं त्या विचारायच्या.

एकदा माझ्यासमोर कॉमर्सचा एक मुलगा आला. केसांना जेल, चेहऱ्यावर आत्मविश्वास. त्यानं ऐटीत वाचलं, "जीएसटीचा सुरतच्या कापड उद्योगावर झालेला परिणाम."

मंगलबेननी डोळे मिटले. "काही फायदे झाले, काही तोटे झाले. मोठ्यांना जमलं, छोट्यांना त्रास झाला. सरकारने यात लक्ष घालणे गरजेचे आहे."

मुलानं गठ्ठा उलटा करून शेवटचं पान काढलं. तीन वाक्यं, त्याच क्रमानं. त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास केसांत जाऊन बसला.

"हे तर मला इथं बसूनसुद्धा ठाऊक होतं. मग तू वर्षभर कुठं होतास, दीकरा?" मंगलबेननी अगदी मायेनं विचारलं आणि गाडीवरच्या वाफाळत्या, ढोकळ्यासारख्या लोचोत बटर जास्त घालायला सांगितलं.

अर्थशास्त्राचे आमचे सरही या पैजेतून सुटले नव्हते. एका परिसंवादासाठी लिहिलेला निबंध घेऊन ते आले, आणि विद्यार्थ्यांसमोर नाही म्हणता येईना. त्यांनी शीर्षक वाचलं. मंगलबेननी निष्कर्ष सांगितला, आणि वर "पुढील संशोधनास वाव आहे" हेही जोडलं. सरांनी मुकाट्यानं लोचो मागवला. नंतर आठवडाभर ते म्हणत होते की त्या लोचोवाल्याकडे हल्ली पूर्वीची चव राहिली नाही.

माझी पाळी एम.ए.च्या शेवटच्या वर्षी आली. मी सुरतेच्या कडेच्या भेस्तानची. वडील लूमवर, आणि आई घरी बसून धागा कटिंग करायची. साड्यांच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं कापायचे, गठ्ठ्यावर गठ्ठे. मला वाटायचं, घरातच एवढा विषय आहे, मला कोण हरवणार? प्रोजेक्टचा आराखडा प्रिंट करायला मी दुकानात गेले आणि ठणकावून वाचलं, "सुरतमधील असंघटित महिला कामगारांचे सक्षमीकरण : समस्या आणि उपाय."

"बायकांची पिळवणूक होते. त्यांना शिक्षण नाही, म्हणून भाव कळत नाही. जनजागृती केली पाहिजे."

निष्कर्षाची मी अजून एक ओळही लिहिली नव्हती, तरी मनात होता तो हाच. राग आला. "मग काय खोटं आहे त्यात?" मी म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय? पण तुले उत्तर ठाऊक शे, मग विचारस कसाले? तो प्रश्न नाही, पोरी, ते भाषण. आता असं सांग, तुझ्या गल्लीत तुलाच न समजणारं काय आहे?"

मी चिडूनच म्हणाले, "आमच्या गल्लीत दोन ठेकेदार येतात. एक धागा कटिंगचा दर जास्त देतो, एक कमी. आणि बहुतेक बायका कमी देणाऱ्याकडेच काम करतात. हे नाही समजत."

मंगलबेननी मशीन बंद केलं. मी ते मशीन गिऱ्हाईक समोर असताना बंद झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"का बरं?" त्यांनी विचारलं.

"त्यांना दुसऱ्याचा दर माहीत नसणार."

"तुला काय वाटतं ते राहू दे. विचारलंस का त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"याचं उत्तर मला येत नाही," त्या म्हणाल्या. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर जिंकतानासुद्धा पाहिला नव्हता. "हाच घे विषय. लोचो माझ्याकडून."

सरांना विषय सांगितला तर ते चष्म्यावरून बघत राहिले. "एक गल्ली? दोन ठेकेदार? राष्ट्रीय पातळीवर याचं महत्त्व काय?" शेवटी त्यांनी महिनाभराची मुदत दिली. तोवर धड उत्तर आणलं नाही, तर ते देतील तो विषय घ्यायचा आणि वर्ष वाया गेलं तर तक्रार करायची नाही, असं ठरलं.

मी फॉर्म छापून घेतले आणि घरोघर हिंडले. पहिल्या दोन दिवसांतच माझी समजूत कोसळली. दर सगळ्यांना ठाऊक होते. माझ्याहून नेमके ठाऊक होते. शेजारच्या सोसायटीतले, पलीकडे रेल्वे लाइनीपाशी चालतात ते, मागच्या दिवाळीचे, सगळे. मग कमी घेऊन का करता? तर प्रत्येकीचं एकच उत्तर, "माणूस चांगला आहे." हे काय उत्तर झालं? फॉर्मवर मी "भावनिक कारण" असं लिहीत गेले. मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा माझ्याकडे गठ्ठाभर भावनिक कारणं होती आणि डोळ्यांत पाणी.

दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी नव्हती. मंगलबेननी सगळे फॉर्म नीट वाचले, एकेक पान उलटत, मधेच हसत. "ही भारी आहे," असं एकीबद्दल म्हणाल्या. मग विचारलं, "चांगला म्हणजे काय करतो तो?"

"म्हणजे?"

"अगं, चांगला आहे म्हणतात सगळ्या. म्हणजे गोड बोलतो? लाडू वाटतो? भजन म्हणतो? विचारलंस?"

नव्हतं विचारलं. जे मला समजलं नाही त्याला मी मोठा शब्द देऊन मोकळी झाले होते.

"आणि यात तुझी आई कुठं आहे?"

"आईला काय विचारायचं? ती तर घरचीच."

त्यावर मंगलबेन इतक्या हसल्या की समोरचा पानवाला बघायला लागला. "सगळ्या गल्लीला विचारत फिरलीस आणि जिच्या हातचं खातेस तिलाच सोडलंस! जा घरी. फॉर्म घेऊन जा, बरं का. नुसती गप्पा मारायला बसू नकोस, ती तुला भाजी निवडायला लावेल."

घरी आई साड्यांच्या ढिगात बसलेली होती. मी समोर फॉर्म धरून बसले, तशी तिनं मान वर केली. "चहा घेणार का मॅडम?"

"आई, मस्करी नको. नाव?"

"लिहा. पोरीला ठाऊक नसंल तर रेशनकार्ड आणू का?"

तिची थट्टा संपेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, की कमी दरवाल्याकडे का करतेस. "माणूस चांगला आहे," ती म्हणाली. या वेळी मी विचारलं, "चांगला म्हणजे काय करतो?"

कात्री चालूच होती. "तुला बारावीला कावीळ झाली होती, आठवतं? गठ्ठा तसाच पडून होता. त्या दुसऱ्याकडे एकदा गठ्ठा वेळेवर गेला नाही की काम कायमचं बंद. दारातसुद्धा उभा राहत नाही तो. हा आला, तुला बघितलं, गठ्ठा उचलून दुसरीकडे दिला. म्हणाला, पोरीकडे बघा आधी. तू बरी झालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा गठ्ठा दारात. आखाजीच्या सणाला गावी जायचं असलं, सासू वारली, काहीही झालं तरी आपली जागा जात नाही. जास्तीचा दर घेऊन काय करू, पोर आजारी पडली की कामच जाणार असेल तर?"

मी भराभर लिहीत होते. आईनं कात्री थांबवली.

"पण हे पण लिही. तो काही देव नाही. त्याला पक्कं ठाऊक आहे की आम्ही त्याला सोडून जाणार नाही. म्हणून तर दर वाढवत नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आई साधी आहे, तिला कुणीही गुंडाळतं. ती तर त्या ठेकेदाराला आणि स्वतःलाही पुरती ओळखून, हिशेबानं तिथं थांबली होती. मी एम.ए.ला जे शिकत होते ते ती धागे कापता कापता जगत होती, आणि मी तिला अडाणी समजून जनजागृती करायला निघाले होते. शरमेनं मी फॉर्मवर मान खाली घातली. आई म्हणाली, "सही कुठं करू?"

मी पुन्हा सगळ्या गल्लीत गेले. आता नेमका प्रश्न हातात होता. प्रत्येकीच्या "चांगला"मागे एखादं बाळंतपण, एखादं आजारपण, गावाकडचं एखादं मरण निघालं. ज्या थोड्या जणी जास्त दरवाल्याकडे जायच्या, त्यांच्या घरात बहुधा सासू किंवा मोठी मुलगी हाताखाली होती. गठ्ठा अडण्याची भीती नव्हती. सरांनी सगळं वाचलं, पुन्हा पहिलं पान काढलं आणि म्हणाले, "ही गल्ली कुठं आहे म्हणालात?" त्यानंतर त्यांनी राष्ट्रीय पातळी काढली नाही. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षक बाईंनी तर माझ्या आईचंच म्हणणं तीनदा वाचून घेतलं.

त्याच प्रोजेक्टच्या जोरावर मला पुढं शिकता आलं, नोकरीही लागली. आज मीही अर्थशास्त्र शिकवते. मधल्या काळात कॉलेजांनी सगळं ऑनलाइन मागायला सुरुवात केली, बाइंडिंग संपलं, आणि मंगलबेन दुकान विकून बारडोलीला मुलाकडे राहायला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. अंगणात उन्हाला बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या, पण जीभ तीच. बोलता बोलता मी मनातलं विचारलं, "मावशी, एवढी बुद्धी तुमची. तुम्हाला पुढं शिकू दिलं नाही ना?"

"कोणी नाही दिलं?"

"म्हणजे घरच्यांनी. त्या काळी मुलींना..."

मंगलबेन पोट धरून हसल्या. "बाप तर पाया पडत होता माझ्या, शिक म्हणून! दहावीच्या गणिताच्या पेपरला मी मैत्रिणीला घेऊन टुरिंग टॉकीजला जाऊन बसले. दुसऱ्या वर्षी बापानं पुन्हा फॉर्म भरला, तर मी मामाच्या गावी पळाले. मला कुणी अडवलं नाही गं. माले शाळाच आवडे नही."

मग डोळे पुसत म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. माझी सून मला फार मान देते."

उन्हाळ्यात त्या गेल्या. मी बारडोलीला गेले तेव्हा ओसरीवर नातेवाईक बसले होते. पांढऱ्या टोपीतले एक वयस्कर गृहस्थ, लांबचे दीर असावेत, घसा खाकरून म्हणाले, "त्या काळी पोरींना कोण शिकू देत होतं? बिचारीला संधी मिळाली असती तर प्रोफेसर झाली असती." सगळ्यांनी माना हलवल्या. सुनेनं पदर डोळ्यांना लावला.

मला टुरिंग टॉकीज आठवलं आणि मी ओढणीत तोंड खुपसलं. खांदे हलायला लागले, आवरेना. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू नको, पोरी, रडू नको."