चाचांनी हो म्हटलं होतं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे तेही मला नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित. ओळखीच्या माणसासमोर या गोष्टीशी आले, की मी हळूच दुसरा विषय काढते. सवयच झाली आहे.

मागे कॉलेजात बोलावलं होतं, आमच्या विद्यार्थी मंडळाच्या मेळाव्याला. शाल, नारळ, समोर बाकांवर मुली. सूत्रसंचालन करणारा मुलगा म्हणाला, की ताईंनी मंडळाच्या जोरावर नोकरी मिळवली आणि आज त्या कंपनीच्या लॅबच्या प्रमुख आहेत. टाळ्या पडल्या. मंडळाच्या जोरावर — खरंच आहे ते. मी हात जोडून खाली बसले.

मंडळाचं आधी सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला समजायचं नाही. जुन्नर-आंबेगावातली आम्ही पोरं. पदवी मिळायची, आणि पुढं? चाकणच्या कारखान्यांत कुणाची ओळख? मुलाखतीच्या खुर्चीत टेकून बसायचं की ताठ, इथपासून घोळ. म्हणून आमच्या आधीच्या मुलांनी हे मंडळ काढलं. शनिवारी तास संपले की रिकाम्या वर्गात खोट्या मुलाखती चालायच्या. नोकरीला लागलेले दादा-ताई गावी आले की साहेब होऊन बसायचे आणि आमची पिसं काढायचे. मुली टेबलाकडं बघून उत्तरं द्यायच्या. मान वर करून बोलायला आम्हाला त्या वर्गानं शिकवलं.

पण मंडळाचं नाव झालं ते घरभेटीमुळं. व्हायचं काय, मुलगी कामाला लागायची, आणि दुसऱ्या पाळीचं नाव निघालं की घरचे तिला बसवून ठेवायचे. कंपन्या वैतागल्या. तेव्हा मंडळानं ठरवलं — मुलीच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, पाळ्या, गाडी, सगळं समजावून सांगायचं, आणि घरच्यांच्या तोंडून हो की नाही ते ऐकायचं. मुलीनं तेवढा वेळ घराबाहेर थांबायचं, म्हणजे मोठी माणसं मोकळं बोलतात. मग कंपनीनं फोन केला की मंडळ सांगणार. मंडळाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या वर्षी मंडळाची सचिव मी होते. मंडळाचा फोन माझ्याकडं असायचा.

रुखसार माझ्या वर्गातली, जुन्नरची. मी पिंपळवंडीची. तीन वर्षं प्रयोगशाळेत आमचं टेबल एकच. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आज मोठ्या मनानं म्हणत नाही. तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं. माझ्या चुकलेल्या प्रयोगावर हसायची, आणि हसत हसत तो नीट करून द्यायची. मला ती आवडायची. हे खोटं नाही — हेच तर पचत नाही.

निरगुडसरकडं टोमॅटोची पेस्ट बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या लॅबमध्ये जागा निघाली. एकच. मुलाखती झाल्या आणि उरलो आम्ही दोघी.

तिच्या घरी घरभेटीला मी गेले. खरं तर दोघांनी जायचं, पण बरोबरच्या मुलाची एसटी चुकली आणि मी एकटीच गेले. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. घरात फक्त चाचा, तिचे वडील. बैलांच्या झुली शिवायचे आणि बेल्ह्याच्या बाजारात नेऊन विकायचे. मांडीवरची झूल बाजूला सारून त्यांनी स्वतः चहा टाकला. मी पाळ्यांचं बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"जाऊ दे तिला, पोरी. रातपाळी असली तरी जाऊ दे. नारायणगावला गाडी येती ना कंपनीची? मी सोडीन, मीच आणीन. तिची आई आसती तर लई खूश झाली आसती बघ."

एवढं म्हणून त्यांनी तोंड वळवलं. मी चहा प्यायले आणि निघाले.

दोन दिवसांनी फोन आला. कंपनीचे साहेब. मंडळाच्या नंबरवर त्यांनी केलेला फोन कोण उचलतंय, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी विचारलं, जुन्नरच्या मुलीच्या घरून काय आहे? मला एक शब्द बोलायचा होता. हो. एवढाच.

मी म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण घरून सोडतील असं वाटत नाही."

त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. "बरोबर, त्यांच्यात असतंच तसं," एवढं म्हणाले. आणि थांबा — इथं मला पळू देऊ नका. तिचं नाव ऐकून हे खोटं चटकन पटेल, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. दुसऱ्या कुणा मैत्रिणीबद्दल मी ते बोलू शकले नसते, कारण साहेबांनी चार प्रश्न विचारले असते. मग त्यांनी विचारलं, पिंपळवंडीच्या मुलीचं काय? मी माझ्याबद्दल, त्रयस्थासारखं, सांगितलं, की तिच्या घरून काही अडचण नाही.

त्या उन्हाळ्यात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होणार होती. नोकरी लागली तरच ते टळणार होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. रुखसारच्या पुढ्यातही काही वेगळं नव्हतं.

मला नोकरी लागली. ती पेढे घेऊन आली, माझ्यासाठी. मुलाखतीत आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटत होतं, आणि मी तिला वाटू दिलं.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीत पुन्हा जागा निघाली, तेव्हा तिनं स्वतःच फोन केला. तिकडून कुणीतरी सहज म्हणालं, मागच्या वेळी तुमच्या घरूनच नकार होता ना? झालं. चाचांनी तर घरभेटीच्या दिवशीच तिला सांगितलं होतं, की आपण हो म्हटलं. म्हणजे तिच्या तोंडावर एक आणि मंडळाला दुसरंच, असा अर्थ तिनं लावला. मंडळ खोटं बोलतं, हे तिच्या मनातही आलं नाही. उलट मी ते तिच्यापासून लपवलं, यात तिला माझा चांगुलपणाच दिसला — मैत्रीण, वाईट वाटू नये म्हणून लपवलं असणार! तिनं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. बापाशी बोलणंही तुटलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर, बाकी मुकी.

एका बाजारच्या दिवशी चाचा मला नारायणगावच्या स्टँडवर भेटले. खांद्यावर न विकलेल्या झुलींचं ओझं. माझ्यासाठीच थांबले होते, कंपनीची गाडी कधी येते ते विचारून.

"तूच सांग तिला, पोरी. मी काय बोललो व्हतो, तुझ्यासमोरच बोललो ना? ती माझं ऐकंना झालीया."

फोनवरचं खोटं एका क्षणात निसटलं असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. पण या वेळी तर तो माणूस समोर उभा होता. घरी जाऊन तिला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? मैत्रीण गेली असती, कदाचित नोकरीही. त्याला त्याची मुलगी मिळाली असती. मी खाली बघितलं — ज्या मंडळानं मान वर करायला शिकवलं, त्याची सचिव मी — आणि म्हणाले, "चाचा, लई दिवस झाले, नीट आठवत नाही."

 ते म्हणाले, "नसंल आठवत. कामाच्या रगाड्यात कुठं ध्यानात ऱ्हातंय." माझी सबब त्यांनीच मला दिली. ओझं सावरून जुन्नरच्या टेंपोकडं गेले.

रुखसारचं लग्न झालं. मंचरला असते. माहेरी ईदेपुरती यायची, सकाळी येऊन संध्याकाळी परत.

यंदा चाचा गेले. मी भेटायला गेले. त्यांच्या बसायच्या जागी अर्धी शिवलेली झूल तशीच होती, सुई टोचलेली. रुखसारनं मला जवळ बसवलं, चहा दिला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "शेवटी मी अब्बांना माफ केलं गं. ते शेवटपर्यंत म्हणत होते, मी हो म्हटलं होतं. मी म्हटलं, असू दे अब्बा, आता खोटं बोलू नका, मी माफ केलं तुम्हाला."

मी मान हलवली. चहा संपवला.

त्यांनी हो म्हटलं होतं. मी पुरतं विचारायच्या आधीच म्हटलं होतं.