हातांनी रचलेल्या कविता : कुसुमताईंच्या साठीनिमित्त

कुसुमताईंचा गुडघा आता कसा आहे? त्यांच्या धाकट्या भगिनी विमलबाईंचा बसलेला घसा सुटला का? संपादक महाशय, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि ताईंचे विद्यार्थी सगळे खुशाल आहेत ना? आमचं म्हणाल तर संत्र्याच्या बगिच्यात बहर चांगला धरलाय आणि घरात आम्ही दोघं म्हातारी टुकटुकीत आहोत.

ताई जन्मापासून कर्णबधिर. सौंसरला अशाच मुलांना त्यांनी हयातभर शिकवलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते रामाकोन्याला, एका लग्नाच्या पंगतीत. ताई हातांनी काही सांगत होत्या आणि समोरची दहाबारा माणसं पोट धरून हसत होती. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन तसेच उभे! मी शेजारी बसलेल्या विमलबाईंना विचारलं, "ताई काय सांगून राहिल्या जी?"

"गोष्ट सांगून राहिली. दिसत नाही काय?"

"दिसते तं सगळं, समजत काही नाही."

"मंग भाऊ, पानातली नजर काढा अन् तिच्या बोटायकडे लावा!"

ती एक ते पाच बोटांची गोष्ट होती. एक बोट म्हणजे चोर, दोन बोटं त्याचे पळते पाय, तीन बोटांत तोडलेलं संत्रं, चार बोटांचं कुंपण आणि पाचही बोटं म्हणजे मालकाची थप्पड! मीही हसलो, जरा उशिरा.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं वाचून आणि लोकांना विचारून शिकलो. तसाच ताईंकडे जाऊन बसू लागलो. कर्णबधिरांच्या साहित्यात काय काय आहे म्हणून सांगू! कविता आहेत, त्यात बोटांची एकच ठेवण पुन्हा पुन्हा येते, तेच त्यांचं यमक. विनोद आहेत. तिगाव स्टेशनवर दोन मैत्रिणी दोन फलाटांवर उभ्या, मधून मालगाडी धडधडत चाललेली. बोलणारी माणसं गप्प आणि या दोघी डब्यांच्या फटींतून सासूच्या चुगल्या करून राहिल्या! कर्णबधिर माणसानं मराठीत लिहिलेली आठवणही याच साहित्यातली. पण ऐकू येणाऱ्यानं कीव करून लिहिलेली गोष्ट त्यात धरायची नाही, असं ताईंचं ठाम मत आहे.

पांढुर्ण्याला आमच्या वाचनालयाचं कविसंमेलन होतं. मी ताईंचं नाव कवींत घातलं. अध्यक्ष गुरुजी म्हणाले, "भाऊ, कागदावर काही हाये काय? नाही तं मनोरंजनात टाकू, नकलांच्या मागं."

ताईंचा निरोप विमलबाईंनी आणला. "ताई म्हणते, नकलांच्या मागं उभी राहिली तं माह्या पोरायले वाटन, आपली भाषा म्हणजे नक्कलच. येईन तं कवीतच येईन."

गुरुजी कुरकुरले, पण कबूल झाले. संमेलनात त्यांनी रिवाजाप्रमाणे ताईंना शाल पांघरली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात गुच्छ दिला आणि वर माइक पुढं केला. "आता कविता होऊ द्या!"

मागच्या रांगेतले ताईंचे विद्यार्थी हसून लोटपोट. विमलबाई म्हणाल्या, "अजी गुरुजी, कवीचं तोंड बांधून कविता म्हणा म्हणता काय?"

गुरुजी ओशाळले. नारळ, गुच्छ, शाल सगळं स्वतः घेऊन बाजूला उभे राहिले. ताईंनी विमलबाईंनाही गप्प राहायला सांगितलं. अर्थ मागून सांग, आधी लोकांना पाहू दे. मग गोल धरलेला हात हलला. ते संत्रं झालं, संत्र्याचा चंद्र झाला, चंद्राचं बाळाचं डोकं झालं आणि ते बाळ छातीशी टेकलं. मागच्या रांगेत सगळे हात वर होऊन हलू लागले. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. गुरुजींना दाद द्यायला हात मोकळा नव्हता. त्यांनी नारळच उंच धरला आणि म्हणाले, "यमक दिसलं बाप्पा मले!" पुढच्या पत्रिकेत ताईंचं नाव कवींच्या ओळीत छापलं गेलं. त्या दिवसाचा मला आजही अभिमान वाटतो.

पुढं माझेच कान गेले. चारचौघांत बसून एकटा पडू लागलो. ताई दर आठवड्याला सौंसरहून येत आणि आम्हा नवराबायकोला हातांनी बोलायला शिकवत. आता आम्ही भांडतोसुद्धा हातांनीच, शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघा साथ देवो आणि बोटं अशीच चपळ राहोत. साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात त्यांच्या कविता याव्यात म्हणून, वाचकहो, ज्यांना जी आठवते ती लवकर कळवा. जे कागदावर लिहितात त्यांनी पत्र धाडावं. जे हातांनी लिहितात त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवावा. तोही आम्ही ग्रंथ काढणारे मूळ लेखन म्हणूनच घेऊ.