उंड्याचं टू-ट्रॅक घर

ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये रोज काही ना काही चुकतंच. कोणी खिडकी इंचभर आखूड कापतो, कोणी काच उलटी बसवतो, आणि चार वाजता चहा आला की ती चूक किस्सा होऊन परत येते. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये असे किस्से ढिगाने साठलेत. मी मापं घेणारा माणूस, त्यामुळे निम्म्या चुकांना मीच साक्षीदार! पण गेल्या पावसाळ्यापासून बाकीचे सगळे किस्से मागे पडले. आता चहाला एकाच गिऱ्हाइकाचे किस्से. वीतभर लांब, पिवळं, अंगभर काळे ठिपके, आणि आमच्या कामाबद्दल आजवर चांगलं-वाईट एक अक्षर बोललेलं नाही.

आमचे मालक उल्हासबाब. त्यांची एकुलती एक लेक मैथिली, आर्किटेक्ट. ती आपल्या ऑफिसात बसेल असं उल्हासबाब धरून चालले होते. तिने बंगळूरची नोकरी धरली. बाप-लेक दोघंही सारखेच हट्टी, त्यामुळे भांडण वगैरे काही झालं नाही, सरळ बोलणंच बंद झालं. जाताना तिने हवेची भोकं पाडलेला एक डबा बाबांच्या टेबलावर ठेवला.

"ह्याला नीट घर करून दे. भाड्याच्या खोलीत ह्याला चालवून घेणार नाहीत," म्हणाली आणि गेली.

डब्यात पाल! आणि उल्हासबाब म्हणजे घरात पाल दिसली तर जेवणाचं ताट घेऊन अंगणात जाणारा माणूस.

"पाल नाही बाबा, लेपर्ड गेको," तिने नंतर फोनवर सांगितलं. बोलणं बंद असलं तरी ह्या जनावरापुरता तिचा फोन यायचा.

आमचे फोरमन काशिनाथमामा पेडण्यातल्या पार्सेचे. त्यांनी चष्मा वर करून डब्यात बघितलं. "म्हंजे पालच. पण शिकलेली."

त्याचं नाव उंडो. पोदेर, म्हणजे पाववाला, आणतो त्या गोल उंडो पावासारखी फुगीर शेपटी, म्हणून मैथिलीने ठेवलेलं. घरच्या पालीला पापण्या नसतात, ह्याला असतात, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक! उंड्याने उल्हासबाबांकडे बघून सावकाश एक डोळा मिटला. उल्हासबाब खुर्चीसकट मागे गेले.

"अरे, हो म्हाका दोळो मारता!"

* * *

घर बांधायचं म्हटल्यावर आम्ही काय कमी आहोत? मामांनी तिथल्या तिथे डिझाइन केलं. "पाल खंय रवता? भिंतीर. मगे घर उभां होया."

झालं! कपाटाएवढं उभं घर तयार. टू-ट्रॅक स्लायडिंग, म्हणजे दोन खाचांतून सरकणारं काचेचं दार, मच्छरदाणीची जाळी, वर कुलूप. मोठ्या अभिमानाने मैथिलीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, हा चढत नाही! ह्याचे पाय काचेला चिकटत नाहीत. हा जमिनीवर चालणारा आहे. आडवं घर पाहिजे, आडवं!"

दिनकर, आमचा कोल्हापूरकडचा इलेक्ट्रिशियन, म्हणाला, "त्यात काय एवढं? आडवं पाडू की!"

आडवं पाडलं. आता स्लायडिंगचं दार डावी-उजवीकडे न सरकता वर-खाली जायला लागलं. उल्हासबाबांनी पाण्याची वाटी ठेवायला हात आत घातला आणि दार सुळ्ळकन मनगटावर आलं. तेव्हापासून एकाने दार वर धरायचं, दुसऱ्याने वाटी ठेवायची आणि तिसऱ्याने उंड्यावर नजर ठेवायची. एवढंसं जनावर, पण ड्युटीवर तिघं!

* * *

उल्हासबाब मूळचे पाळी गावचे, खाणीच्या पट्ट्यातले. गेको हा कोरड्या जागी राहणारा प्राणी असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि लगेच फर्मान सुटलं. "आमच्या पाळीची माती घाला. ह्या मातीवर एवढ्या लोकांचं पोट चाललं, एका पालीचं चालणार नाही?"

लालभडक माती आली, पसरली. सकाळी बघतो तर उंडो गायब! मशीनखाली शोधलं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यांत शोधलं, दिनकरने तर टूलबॉक्स उपडी केली. उल्हासबाबांच्या तोंडचं पाणी पळालं. उंडो आपल्या घरातच बसला होता. नखशिखांत लाल झाल्यामुळे मातीत दिसत नव्हता, एवढंच!

मैथिलीने फोनवरून आम्हा सगळ्यांना सोलून काढलं. "माती पोटात गेली तर मरेल तो! साधी टाइल घाला!"

'मरेल' शब्द ऐकल्यावर उल्हासबाबांनी ओलं फडकं घेतलं आणि उंड्याला तळहातावर धरून पुसून काढलं. आपण पालीला हात लावला हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. मग ते बाहेर जाऊन बसले.

टाइल घालायला बसू आला. बसवराज, बेळगावकडचा गवंडी. काम एकदम फर्स्ट क्लास. जेवून येऊन बघतो तर पाण्याची वाटी, उंड्याला लपायला ठेवलेली करवंटी आणि खुद्द उंडो, सगळी मंडळी एका कोपऱ्यात जमलेली.

"बसू, हे काय रे?" उल्हासबाबांनी विचारलं.

"ढाळ दिलोय की मालक! ढाळ नसला तर पाणी तुंबतंय."

बसूचा सगळा जन्म बाथरूमच्या लाद्या घालण्यात गेलेला. त्या कोपऱ्यात पाणी जायला त्याने जाळीसुद्धा बसवली होती!

* * *

मग गरम करण्याचं प्रकरण. उंड्याला घराची एक बाजू ऊबदार आणि दुसरी थंड लागते. पोटाखालून शेक मिळाला की त्याला अन्न पचतं. दिनकर म्हणाला, "थर्मोस्टॅट कशाला आणता? माझ्याकडं हाय." कुठून काढला ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

संध्याकाळी मैथिलीचा फोन. "बाबा, गरम बाजूला किती ठेवलंय?"

उल्हासबाबांनी वाकून बटण बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

"सिल्क."

"काय?"

"सिल्कवर ठेवलंय. पुढे कॉटन आहे, पण ते जास्त होईल."

दिनकरने घरची इस्त्री मोडली होती! तिकडे मैथिली आधी ओरडली, मग हसायला लागली. ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. फोन ठेवल्यावर उल्हासबाबांनी दिनकरला झापायला हवं होतं. त्यांनी त्याच्यासाठी भजी मागवली. दुसऱ्या दिवशी मात्र म्हापशाहून खरा थर्मोस्टॅट आला.

* * *

उंड्याचा खुराक म्हणजे जिवंत रातकिडे. म्हापशाच्या मासे-पोपटवाल्या दुकानातून डबा यायचा. एकदा झाकण नीट लागलं नाही आणि अर्धे रातकिडे ऑफिसात पांगले. नेमके त्याच वेळी एक रिटायर्ड हेडमास्तर साउंडप्रूफ खिडकी बघायला आले.

उल्हासबाबांनी सॅम्पल बंद करून दाखवलं. "बघा मास्तर, ही काच लावली की बाहेरचा आवाज अजिबात ऐकू येणार नाही."

किर्रर्र!

मास्तरांनी कान टवकारले. "मग हा कसला?"

मामा शांतपणे म्हणाले, "ह्यो आतलो."

* * *

श्रावणाचा पहिला सोमवार आला आणि उंड्याने तोंड बंद केलं. रातकिडा समोरून गेला तरी मान वळवेना. मामा खूश! "बगा, श्रावण पाळता तो. तुमी श्रावणात भायर जाऊन ऑम्लेट खातास."

ही बातमी बसूने इंडस्ट्रियल इस्टेटभर केली. शेजारच्या पंपवाल्याकडची माणसं बघायला आली आणि चपला बाहेर काढून आत शिरली. एकाने तर फूल ठेवलं!

पण हा उपास काही सुटेना. उंडो फिकट पडला, अंग पांढुरकं दिसायला लागलं. म्हापशाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कात टाकायच्या आधी खात नाहीत. दमट कोपरा करून द्या आणि वाट बघा." आम्ही ओल्या काथ्याचा कोपरा करून दिला. वाट बघणं मात्र उल्हासबाबांना जमेना. त्यांचा स्वतःचा डबा तसाच घरी जायला लागला.

एकदा साइटवर जाताना गाडीत म्हणाले, "तिचा फोन येतो तो ह्याच्यासाठी. हा गेला तर ती कशाला फोन करील रे?"

मी मापाची टेप हातात नुसती ओढत राहिलो. चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती. लेक चवथीला येणार का, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. विचारा म्हटलं तर म्हणायचे, "तिला कळायला नको?"

* * *

शेवटी मामांनीच सूत्रं हातात घेतली. "डागतर करता ता करूंदे. आपण गाऱ्हाणा घालूया."

पेडण्याकडे कुठलंही काम अडलं की देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी हुंकार भरायचा. दुपारी मशीन बंद केल्या. उंड्याच्या घरापुढे नारळ आणि पानाचा विडा मांडला. तेवढ्यात मैथिलीचा व्हिडिओ कॉल आला. उंडो दिसावा म्हणून दिनकरने फोन काचेला टेकवून ठेवला, पण स्क्रीन काळी झाली. "रेंज गेली," दिनकर म्हणाला आणि फोन तसाच ठेवून आम्ही तो नाद सोडला.

मामांनी टोपी घातली, हात जोडले आणि अडले.

"मालकानू, ह्येच्या बापाशीचा नाव काय घालू? गाऱ्हाण्यात लागता."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उल्हासबाब खाली बघत म्हणाले, "माझं घाल."

मामांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो उल्हासाचो उंडो अन्नाक तोंड लावणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्यार कोणाची वाकडी नजर आसली, तर ती भायल्या भायर काढून टाक म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बसूचा आवाज सगळ्यांच्या वर.

"त्येका भूक लागांदे, त्येची कात सुखान पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता नारळ फोडायचा, म्हणून दिनकर कोयता घेऊन पुढे झाला. मामांनी डोळे न उघडताच त्याला हाताने थांबवलं.

"आणि ह्या उल्हासाची जी लेक परगावाक गेली आसा, ती चवथीक घराक येवंदे म्हाराजा!"

ह्याला हुंकार कोण देणार? मी उल्हासबाबांकडे बघितलं. त्यांचे हात जोडलेले, मान खाली. मग एकदम वर्कशॉपचे पत्रे हलतील एवढ्या मोठ्याने ते ओरडले,

"व्हय म्हाराजा!"

आणि त्यांच्या पाठोपाठ, काचेला टेकवलेल्या त्या काळ्या फोनमधून, रडवेल्या आवाजात आलं,

"व्हय म्हाराजा!"