काउंटर एकचे दोन कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसातल्या दोनशे कॉम्प्युटरना नावं दिली ती एकाच माणसानं. आम्ही त्यांना पाटीवाले काका म्हणायचो. मजला, विभाग, टेबलाचा नंबर, झालं नाव. पांढऱ्या पट्टीवर छापून ते पडद्याखाली चिकटवायचे. पट्टी केसभर तिरकी लागली तरी काढून पुन्हा लावणार, असा खडूस माणूस!

त्यांची बायको खाली काउंटर एकवर बसायची; सुरुवातीला मी तिच्याच शेजारी होते. ती गेली आणि तिचा कॉम्प्युटर स्टोअरमध्ये गेला. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत काका तिथे जायचे. एकटेच डबा खात असतील, असं मी समजत होते. खरं तर तो कॉम्प्युटर चालू करून ते तिचा आवाज ऐकायचे. ऑफिसच्या फोनसाठी ती सूचना रेकॉर्ड करायची, वाचता वाचता चुकायची आणि खो खो हसत सुटायची. ऑफिसची फाइल घरी न्यायची नाही, हा नियम काकांनीच केलेला. म्हणून ते हसू त्यांनी घरी नेलं नाही.

मग काउंटर एकवर नवी मुलगी आली, नवा कॉम्प्युटर आला, नियमाप्रमाणे नावही तेच. काका तापानं घरी होते. मुलीचा प्रिंटर काही केल्या चालेना. नेटवर्कच्या यादीत पाहिलं तर एकाच नावाचे दोन! मी त्यांच्या हाताखालची. त्यांनी लिहिलेला कागद काढला. ‘आज नेटवर्कवर दिसलेला ठेवा, जुना यादीतून काढा. काढलेला पुढच्या वेळी नेटवर्कला लागला की आपोआप कोरा होईल.’ मी जुना काढला. प्रिंटर लगेच चालू झाला आणि मी स्वतःवरच खूश झाले.

शुक्रवारी काका आले. दुपारी मी त्यांना शोधत स्टोअरमध्ये गेले, तर त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नव्याकोऱ्यासारखं ‘भाषा निवडा’ एवढंच होतं.

“तू काढलास?”

“हो काका. तुमच्या कागदाप्रमाणे.”

तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं.

“परत नाही का मिळणार?”

“नाही. मीच तशी सोय करून ठेवलीय. नुसतं नाव बदललं असतं तरी वाचला असता. दोन मिनिटांचं काम. पण तिच्या टेबलाचं नाव होतं गं ते.”

मी रडायला लागले.

“रडू नकोस, कागद बरोबर आहे,” ते म्हणाले. “तू फक्त एक सांग. तू तिच्या शेजारी बसायचीस ना? हसताना ती आधी श्वास घ्यायची की नंतर?”

मला आठवेना.